अठ्ठावीस दिवसांचा महिना

जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, एक आदेश काढावा लागला. प्रत्येक मोबाइल कंपनीने तीस दिवस चालणारा निदान एक तरी प्लॅन ठेवावा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असाही एक ठेवावा, असं त्यात म्हटलं होतं. पगार महिन्याचा, घरभाडं महिन्याचं, भिशीचा हप्ता महिन्याचा, पेपरवाल्याचं बिल महिन्याचं; मोबाइलचा महिना मात्र अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. वर्षाला बारा रिचार्ज पुरतील असं धरून चालणाऱ्या माणसाला तेरावा रिचार्ज मारावा लागत होता आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ज्यांच्या आलं त्यांनी ट्रायकडे तक्रारी केल्या, तेव्हा कुठे हा आदेश निघाला.

भारतात मोबाइल स्वस्त झाला हे खरं आहे आणि त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. ट्रायच्याच आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैसे. रोजच्या वापरातल्या एखाद्या गोष्टीचा भाव चार वर्षांत इतका उतरल्याची उदाहरणं शोधावी लागतील. पण दराच्या या इतिहासाला चिकटूनच मापाचा इतिहास आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. पैसे मिनिटावर घ्यायचे की सेकंदावर, केबीवर घ्यायचे की दिवसावर, आणि उरलेला माल कुणाचा, हे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ठरवलं. गिऱ्हाइकाची चिडचिड दरावरून झाली त्याहून जास्त या मापावरून झाली आहे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला पहिला मोबाइल कॉल म्हणून तो नोंदला गेला. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल या दोन कंपन्या उतरल्या. दर होता मिनिटाला ८ रुपये ४० पैसे, गर्दीच्या वेळात त्याच्या दुप्पट. आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे पडत. त्यामुळे खिशात मोबाइल असलेला माणूसही स्क्रीनवर नंबर बघायचा, कॉल कापायचा आणि जवळच्या पानाच्या गादीवरच्या लाल डब्यात रुपयाचं नाणं टाकून उलटा फोन करायचा. पेजर बाळगणारे हेच करत होते. मोबाइलवाल्यांनी हजारो रुपये मोजून काही काळ फक्त महागडा पेजर वापरला असंच म्हणायला हवं. मोजमापाची पहिली अट अशी होती की समोरच्याने किती बोलावं हे आपल्या हातात नाही, पण त्याच्या बोलण्याचं बिल आपल्याला.

महाराष्ट्राला त्यात आणखी एक हद्द सोसावी लागली. परवाने देताना सरकारने देशाचे जे भाग पाडले, त्यांत मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण मिळून एक विभाग झाला आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरा. एकाच राज्यात दोन मोबाइल-मुलूख. दादरहून पुण्याला केलेला कॉल लांब पल्ल्याचा धरला जाई. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी रत्नागिरीत स्वतःच्या घराच्या ओटीवर बसला तरी त्याचा फोन ‘रोमिंग’मध्ये असे, म्हणजे त्याच्यासाठी आलेला कॉलही पैसे खाई. मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातले कॉल लोकल समजायचे, हे २००५ मध्ये ठरलं. रोमिंगचा भुर्दंड पुरता जायला २०१७ उजाडलं. तोवर नोकरी मुंबईत आणि घर घाटावर किंवा कोकणात असलेल्या किती माणसांनी दोन-दोन सिमं सांभाळली असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. मधल्या काळात मॅक्स टचचं ऑरेंज झालं, ऑरेंजचं हच, हचचं व्होडाफोन. पाट्यांचे रंग बदलत गेले तरी ही हद्द बराच काळ जागच्या जागी होती.

१ मे २००३, महाराष्ट्र दिनाच्याच तारखेला, देशभर इनकमिंग फुकट झालं. फोन करणाराच पैसे देईल हा साधा नियम यायला आठ वर्षं लागली. त्याच पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा, अशी ‘मान्सून हंगामा’ योजना आणली. हँडसेटचे उरलेले पैसे बिलातून हप्त्याहप्त्याने जायचे आणि त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नसे. तरीही रिक्षावाले, प्लंबर, मंडईतले गाळेवाले यांच्या हातात मोबाइल आला तो याच काळात. ज्याच्या धंद्याला फोन लागतो पण ज्याच्याकडे दुकान नाही, अशा माणसाला पहिल्यांदा स्वतःचा नंबर मिळाला. हा बदल लहान नव्हता.

इनकमिंग फुकट आणि आउटगोइंगला पैसे, या फरकातून मिस कॉल जन्माला आला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे तू कर फोन, असे घराघरांचे आपापले संकेत ठरले. कॉलेजच्या पोरापासून दूधवाल्यापर्यंत सगळे एका पैशाचं माप न भरता निरोप पाठवू लागले. कंपन्यांच्या हिशेबात या निरोपाला जागाच नव्हती. पुढे त्याचाच धंदा झाला. बंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१० मध्ये मिस कॉलवरच उभी राहिली आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायचा तर एका नंबरवर मिस कॉल द्या, असं लोकांना सांगितलं गेलं होतं. पैसे वाचवण्यासाठी लोकांनी काढलेली युक्ती अशी सार्वजनिक जीवनात येऊन बसली.

याच दशकात महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाक्यावर रिचार्जची टपरी उभी राहिली. आधी स्क्रॅच कार्ड होतं. राखाडी पट्टी नाण्याने किंवा नखाने खरवडायची, लांबलचक आकडा एकेक करून दाबायचा, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पट्टी जोरात घासली तर आकडाच पुसला जायचा आणि मग दुकानदाराशी वाद. नंतर दुकानदाराच्या हातात लापू सिम आलं. गिऱ्हाइकाने वहीत आपला नंबर लिहायचा, दुकानदार आपल्या साध्या फोनवर कोड, नंबर आणि रक्कम दाबायचा आणि दोघंही मेसेजची वाट बघत उभे राहायचे. शंभर रुपयांमागे दुकानदाराला दोन-तीन रुपये सुटत. नंबरातला एक आकडा चुकला तर पन्नास रुपये परमुलखातल्या अनोळखी माणसाच्या फोनवर पडत आणि भरपाई दुकानदाराच्या गल्ल्यातून होई. त्या फाटक्या वह्या म्हणजे वस्तीतल्या प्रत्येकाच्या खर्चाची नोंद होती. कोण दहाचा मारतो, कोण एकदम दोनशेचा, हे टपरीवाल्याला पाठ असे.

दहाचा रिचार्ज हा या व्यवहाराचा कणा होता. शाम्पूची बाटली न परवडणारं घर जसं रुपयाची पुडी घेतं, तसं रोजंदारीवरच्या माणसाने दहा रुपयांचं बोलणं विकत घेतलं. त्यात त्याचं स्वातंत्र्य होतं. पैसे असतील तेव्हा टाकायचे, नसतील तेव्हा नुसतं इनकमिंग.

पण दहाचे दहा कधीच मिळाले नाहीत. जीएसटी आल्यानंतरचा हिशेब बघण्यासारखा आहे. दहा रुपयांतून १८ टक्के कर वजा केला की उरतात ८ रुपये ४७ पैसे. त्यातून एक रुपया प्रोसेसिंग फी. हातात पडतो ७ रुपये ४७ पैशांचा टॉकटाइम. ट्रायने प्रोसेसिंग फीवर मर्यादा घातली होती: तीन रुपये किंवा रकमेच्या दहा टक्के, यांतलं जे कमी असेल ते. सणावाराला ‘फुल टॉकटाइम’ची पाटी लागली की लोक टपरीवर गर्दी का करत, हे या अडीच रुपयांत आहे. २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांत तर कुपनांना रंगाचे पट्टे ठरवून दिले गेले. प्लॅनसाठी लाल, टॉपअपसाठी हिरवा, खास सवलतीच्या पॅकसाठी पिवळा. वाचता न येणाऱ्यालाही आपण काय विकत घेतोय ते कळावं, एवढी सोपी आणि चांगली कल्पना त्यामागे होती. दुर्दैवाने तोवर रिचार्ज कागदावरून मोबाइलवर गेला होता आणि लापू सिमवर रंग दिसत नाही.

कुठलं पॅक कुठे लागू, याचे अपवादही बारीक अक्षरांत असत. एसएमएस पॅक घेतलेलं असलं तरी दिवाळी, नववर्ष अशा दिवशी ते चालत नसे. त्या दिवशी प्रत्येक मेसेजला नेहमीचा दर. कंपन्या त्यांना ब्लॅकआउट डे म्हणत. शुभेच्छा द्यायचा दिवस तोच आणि पॅक बंद राहण्याचा दिवसही तोच. त्याहून संताप आणणारा प्रकार म्हणजे न मागितलेल्या सेवा. चुकून एक बटण दाबलं की हॅलो ट्यून सुरू, क्रिकेटचे स्कोअर सुरू, रोजचं राशिभविष्य सुरू, आणि महिन्याला तीस-पस्तीस रुपये कटायला लागायचे. वीस रुपयांच्या बॅलन्सवर आठवडा काढणाऱ्याला सकाळी उठून शून्य दिसायचं. अशी कोणतीही सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या, असा आदेश ट्रायने जुलै २०१३ मध्ये काढला. त्याआधीची काही वर्षं ज्यांचे पैसे गेले त्यांत म्हातारी माणसं आणि इंग्रजी मेसेज वाचू न शकणारे अधिक असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

मापाच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या बाजूने झालेला सगळ्यांत मोठा बदल २००९ च्या जूनमध्ये आला. टाटा टेलिसर्व्हिसेस आणि जपानची एनटीटी डोकोमो यांनी मिळून टाटा डोकोमो ही सेवा सुरू केली आणि दर ठेवला सेकंदाला एक पैसा. तोवर बहुतेक प्लॅन मिनिटावर चालत. पासष्ट सेकंद बोललं तर दोन मिनिटांचे पैसे; रुपया दराने दोन रुपये. आता त्याच बोलण्याचे पासष्ट पैसे. काही महिन्यांत एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स सगळ्यांनाच सेकंदावर यावं लागलं. कुठल्याही आदेशाशिवाय केवळ स्पर्धेने माप प्रामाणिक झालं, असा हा विरळा प्रसंग. तेव्हा एकेका विभागात दहाच्या वर कंपन्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, १९ रुपयांत. गिऱ्हाइकाचा हात इतका वर पुन्हा कधी नव्हता.

पुढची घसरण समजून घ्यायला कंपन्यांची ताळेबंदाची बाजूही बघायला हवी. २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारने ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मिळवले आणि कंपन्यांनी ते कर्ज काढून भरले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टूजी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. एकेक कंपनी बाहेर पडू लागली. मुंबईत बीपीएलचं नाव बदलून झालेली लूप मोबाइल नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर बंद पडली आणि तिच्या लाखो ग्राहकांची, ज्यांत शहरातले अगदी सुरुवातीचे नंबर सांभाळून ठेवलेले लोक होते, दुसरीकडे जायला धावपळ उडाली.

त्यांत लाइफटाइमवाले होते. डिसेंबर २००५ मध्ये एअरटेलने ९९९ रुपयांत आजीवन वैधता देऊ केली होती. इतरांनीही तशाच योजना काढल्या आणि पुढे त्यांची किंमत शंभराच्या आत आली. एकदा पैसे भरा, मग नंबर कायमचा, अधूनमधून थोडा रिचार्ज तेवढा करा. गावाकडच्या आईवडिलांना फोन घेऊन देताना मुलं हेच सिम घेत, कारण दर महिन्याला टपरी गाठायची गरज नसे. ‘आजीवन’ म्हणजे कंपनीचा परवाना असेपर्यंत, ही व्याख्या बारीक टायपात होती. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने नवा नियम आणला: दर अठ्ठावीस दिवसांनी निदान ३५ रुपयांचा रिचार्ज, नाहीतर आधी आउटगोइंग बंद आणि मग इनकमिंगही. खात्यात बॅलन्स असलेल्यांनाही तोच मेसेज गेला. बॅलन्स शिल्लक असताना सेवा तोडू नका आणि ग्राहकांना नीट कळवा, असं ट्रायला मध्ये पडून सांगावं लागलं. नियम मात्र राहिला.

या लेखातली सगळ्यांत गंभीर गोष्ट कुठली म्हणाल तर ही. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं होतं ते २०१८ मध्ये पुन्हा विकत झालं. मिनिटाला नव्हे, महिन्याला. तेही अठ्ठावीस दिवसांच्या.

डेटाचा इतिहास याच्याच शेजारून चालत आला. जीपीआरएसच्या काळात पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे हा सर्रास दर होता. ऐकायला क्षुल्लक. गुणाकार केला तर एका एमबीला दहा रुपयांच्या वर आणि एका जीबीला दहा हजार चारशेहून अधिक. साध्या फोनवर मधलं बटण चुकून दाबलं जायचं, पडद्यावर इंग्रजीत ‘कनेक्टिंग’ उमटायचं आणि घाबरून लाल बटण दाबेपर्यंत दोन-चार रुपये गेलेले असायचे. स्मार्टफोन आल्यावर बटण दाबायचीही गरज उरली नाही. पॅक संपल्यावर ॲप पाठीमागे चालूच राहिलं आणि मेन बॅलन्स साफ झाला. ट्रायने २०१५ मध्ये १९२५ हा नंबर दिला. त्यावर संमती दिल्याशिवाय डेटा सुरू करायचा नाही आणि मर्यादा संपत आली की मेसेज पाठवायचा. आज ‘तुमचा ५० टक्के डेटा वापरून झाला’, ‘९० टक्के झाला’ असे जे मेसेज येतात, त्यांचं मूळ त्या नियमात आहे. वैताग आणणारे ते मेसेज खरं तर ग्राहकांनी भांडून मिळवलेले आहेत.

त्याच सुमारास माप आणखी वेगळ्या तऱ्हेने बदलू पाहत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि विरोध होताच मागे घेतलं. पण मुद्दा सुटला नव्हता: डेटा एकदा विकत घेतल्यावर तो कशासाठी वापरायचा हे कंपनीने ठरवायचं का? २०१५ मध्ये ट्रायने मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. दूरसंचाराच्या दरासारख्या कोरड्या विषयावर इतक्या सामान्य माणसांनी लिहिल्याचं दुसरं उदाहरण देशात नसावं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने साइट किंवा ॲपनुसार डेटाचे वेगळे दर लावण्यावर बंदी घातली. जी ग्राहकशक्ती नेहमी टपरीवरच्या कुरकुरीत विरून जाते, ती या वेळी नियमात उतरली.

आणि मग ५ सप्टेंबर २०१६. रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली ती फुकट, आणि वाढवत वाढवत ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट राहिली. सिमसाठी आधार कार्ड घेऊन लोकांच्या रांगा लागल्या. कॉलचे पैसेच नाहीत, ही कल्पना पचायला वेळ लागला. मिस कॉलचे संकेत काही महिन्यांत निरुपयोगी झाले. महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारी माणसं दिवसाला जीबी वापरू लागली. आजी नातवंडांना व्हिडिओवर पाहू लागली, शेतकरी बाजारभाव आणि फवारणीचे व्हिडिओ पाहू लागला. पुढे करोनाच्या काळात शाळा फोनवर भरल्या त्या याच स्वस्त डेटाच्या जोरावर, आणि जिथे रेंज नव्हती तिथे, कोकणातल्या डोंगरांत, मुलं टेकाडं चढून बसली.

मात्र याच वेळी माप बदललं आणि उत्साहात ते फारसं कुणी पाहिलं नाही. जिओच्या पहिल्या लोकप्रिय सशुल्क प्लॅनमध्ये ३०३ रुपयांत २८ जीबी होते, पण एकगठ्ठा नव्हते. रोज एक जीबी, अठ्ठावीस दिवस. लगेचच बाकीच्यांनीही तोच साचा उचलला. आधीचा एक जीबी महाग होता, पण तो ग्राहकाचा होता. हवा तर एका रात्रीत संपवा, हवा तर महिनाभर पुरवा. रोजच्या कोट्यातला डेटा मध्यरात्री बारा वाजता जातो. रोज दीड जीबीच्या प्लॅनवर सोमवार ते शुक्रवार दिवसाला तीनशे एमबी वापरणाऱ्याचा रोजचा उरलेला जवळपास सव्वा जीबी कंपनीकडे परत, आणि रविवारी मॅच बघताना दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर. त्या वेगाने फोटोही उघडत नाही आणि यूपीआयचं चक्र दुकानदारासमोर फिरत राहतं. मग आणखी एक जीबी विकत घ्यायचा. जिओचं हे जादा पॅक २०२४ मध्ये १५ रुपयांचं १९ झालं. आधी मूळ प्लॅन असेपर्यंत टिकणारा हा जीबी नंतर एका दिवसाचा करण्यात आला. उरलेला डेटा पुढे नेता येत नाही असं तांत्रिक कारण काही नाही. व्ही, म्हणजे व्होडाफोन-आयडिया, आपल्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देते आणि पोस्टपेडला तर ही सोय जुनी आहे.

कंपन्या उरल्या चार, त्यांत व्होडाफोन-आयडिया कर्जाखाली दबलेली आणि बीएसएनएल फोरजीसाठी ताटकळलेली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी थकबाकीचा निकाल कंपन्यांविरुद्ध दिला आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांनी एका आठवड्यात दर वाढवले. २०२१ च्या अखेरीस पुन्हा. जुलै २०२४ मध्ये पुन्हा. रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा जिओचा प्लॅन २३९ चा २९९ झाला. कंपन्यांचं म्हणणं असं की जगाच्या तुलनेत हे दर अजून कमी आहेत आणि फाइव्हजीचा खर्च कुठून तरी काढायला हवा. दर ग्राहकामागे महिन्याला तीनशे रुपये मिळायला हवेत, असं एअरटेल वर्षानुवर्षं सांगत आली आहे. युक्तिवादात तथ्य आहे. पण ही सरासरी वाढवायचा सोपा मार्ग खालच्या पायऱ्या काढून टाकणं हा आहे आणि तसंच झालं. एअरटेलचा अठ्ठावीस दिवस फोन चालू ठेवण्याचा किमान खर्च २०१८ मध्ये ३५ रुपये होता. मग ४५, ७९, ९९, आणि जुलै २०२४ पासून १९९. सहा वर्षांत साडेपाच पटींहून जास्त. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेलने रोज एक जीबीचा २४९ रुपयांचा प्लॅनही काढून घेतला.

जुलै २०२४ च्या वाढीला लोकांनी हाताशी होतं ते एकच उत्तर दिलं. १९०० वर पोर्टचा मेसेज टाकला. त्या एका महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि बीएसएनएलचे सुमारे २९ लाख वाढले. अनेकांना पुढे नेटवर्कने निराश केलं, पण संदेश पोचला होता.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलले. ज्याला नेट नको त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं पॅक ठेवणं सक्तीचं झालं, खास पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ झाली आणि कुपनांचे रंगीत पट्टे रद्द झाले. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आली. एअरटेलने ४९९ रुपयांचं जाहीर केलं, टीका होताच काही दिवसांत ते ४६९ वर आणलं. जिओचं ४५८ चं ४४८ झालं. मुदत दोन्हीकडे चौऱ्याऐंशी दिवस, अठ्ठावीसची तिप्पट. म्हणजे बटणांचा फोन वापरणाऱ्या, दिवसातून एखादा कॉल घेणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण साडेपाच रुपये. दहा रुपयांचं टॉपअप अजून मिळतं आणि त्यात ७ रुपये ४७ पैसेच येतात, पण मूळ प्लॅन चालू नसेल तर ते वापरता येत नाही. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, गॅस सिलिंडरचा नंबर, रेशनचा मेसेज हे सगळं ज्या सिमवर येतं, ते नुसतं इनकमिंगपुरतं अठ्ठावीस दिवस जिवंत ठेवण्यासाठी ३५ रुपयांच्या आसपासचं पॅक आज तिन्ही खासगी कंपन्यांपैकी एकीकडेही नाही.